असईची लढाई सहा फुटी टेबलावर कशी मावते?

जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ असई नावाचं गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई इंग्लंडात अजूनही लढली जाते. एखाद्या क्लबच्या हॉलमध्ये, सहा बाय चार फुटांच्या टेबलावर, बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई घेऊन. एका बाजूला बसलेला गृहस्थ आर्थर वेलस्ली होतो. समोरचा दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची एकत्र फौज चालवतो. हा वेलस्ली म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, असं त्याला म्हातारपणी कुणी विचारलं, तर त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही. असईचं घेतलं. आपल्याकडे मात्र दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातल्या लढायांची नावं घोकताना ही आली, की आपण पुढच्या नावाकडे जातो.

या खेळाला ऐतिहासिक वॉरगेम म्हणतात. वरवर तो बुद्धिबळाच्या घरातला वाटतो, पण दोन गोष्टींत तो अगदी वेगळा आहे. एक, पटावर घरं नसतात. कोण किती सरकला, कुणाची गोळी कुठवर पोचली, हे टेप लावून मोजायचं. दोन, बुद्धिबळात घोड्याने प्यादं मारलं की ते मेलं. इथे घोडदळाने हल्ला केला तर काय होईल, हे हल्ला करणाऱ्यालाही माहीत नसतं. फासे टाकल्यावर कळतं. फासे म्हटलं की आपल्याला नशीब आठवतं, पण इथे कोणत्या निकालाची शक्यता किती, हे आधीच ठरवलेलं असतं. आणि ते ठरवताना त्या काळाबद्दल कुणीतरी एक मत मांडलेलं असतं. हे मत कसं मांडलं जातं, ते असईच्या उदाहरणाने बघू. त्याआधी टेबल मांडून घ्यावं लागेल.

पहिली अडचण आकाराची. त्या दिवशी वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढायला साधारण साडेचार हजार माणसं होती. शिवाय म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ होतं, ते त्याने नदीच्या दक्षिणेलाच ठेवलं. समोर शिंद्यांच्या कवायती पलटणी, सुमारे १०,८०० शिपाई. शंभराहून जास्त तोफा, आणि त्यामागे तीस ते चाळीस हजारांचं घोडदळ. हे सगळं टेबलावर एकास एक मांडणं अशक्य. म्हणून प्रमाण ठरवतात : एक फिगर, म्हणजे टेबलावरचा एक छोटा शिपाई, ही वीस माणसं. मग पाचशे माणसांची ७४वी हायलँडर पलटण पंचवीस फिगरांत बसते. शिंद्यांच्या पायदळाला ५४० फिगर लागतात. हौशी माणसाची दोन वर्षांची संध्याकाळ त्यात जाते, पण जमतं. घोडदळाचं गणित मात्र दीड हजार स्वारांवर जातं आणि तिथे सगळेच हात टेकतात. सुदैवाने त्या मोठ्या घोडदळाने असईत लढाईला जवळपास तोंडच लावलं नाही. त्यामुळे टेबलाच्या कडेला चार-सहा बेस ठेवून वेळ मारून नेता येते. बेस म्हणजे पुठ्ठ्याचा किंवा एमडीएफचा छोटा तुकडा. त्यावर फिगर चिकटवतात, म्हणजे सरकवताना एकेक शिपाई उचलावा लागत नाही.

दुसरं प्रमाण जमिनीचं. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या पायदळाची रांग सुमारे मैलभर लांब होती. टेबलावरचा १ इंच म्हणजे जमिनीवरचे २५ यार्ड असं धरलं, तर मैलाचे साधारण ७० इंच होतात. टेबल ७२ इंचांचं. म्हणजे लढाई बरोब्बर मावते. आता गंमत बघा. प्रचलित फिगर २८ मिलिमीटर उंच असते. याच प्रमाणाने तो शिपाई पंचवीस मीटर उंच झाला, म्हणजे आठ मजली इमारत. हा खेळ या खोटेपणावरच उभा आहे आणि कुणाला तो खटकत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज महादरवाज्यापेक्षा उंच असतात, म्हणून कुठल्या पोराने महाराजांना परत पाठवलेलं ऐकिवात नाही. तसंच इथे. टेबलावरची तीन घरं म्हणजे तीन घरं नव्हेत, ते अख्खं असई गाव. डोळ्यांना माणसं मोठी हवीत आणि डावपेचाला जमीन विस्तीर्ण हवी, म्हणून दोन वेगळी प्रमाणं एकाच टेबलावर नांदवतात.

जमिनीच्या प्रमाणाचा फायदा पल्ले ठरवताना दिसतो. त्या काळच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा कामाचा मारा शंभर यार्डांपर्यंत, म्हणजे टेबलावर जेमतेम ४ इंच. तोफेतून छर्रे उडवले तर तीनशे यार्डांपर्यंत कहर होतो, म्हणजे १२ इंच. पायदळ एका फेरीत सहा-आठ इंच सरकतं असं धरा. तोफेवर चालून जाणाऱ्या पलटणीला आपली बंदूक उपयोगी पडायच्या आधी निदान एक फेरी छर्रे झेलावेच लागणार, हे टेप लावल्याबरोबर दिसतं. वाचताना हा मुद्दा निसटतो. टेबलाशी उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

आता देखावा, म्हणजे डोंगर, नद्या, झाडं, घरं. हा भाग बरेच जण विकत न घेता हाताने करतात, आणि मला विचाराल तर निम्मा खेळ इथेच आहे. युरोपातल्या टेबलांवर हिंदुस्तानातली लढाई मांडली की हमखास पिवळी वाळू आणि चार ताडाची झाडं दिसतात. असईची लढाई सप्टेंबरअखेरची. पाऊस नुकता सरत आलेला, मराठवाड्याची काळी जमीन ओली, बाजरी उभी, बांधावर बाभळी. टेबल हिरवं आणि काळपट हवं. नदीचं पाणी तर निळं अजिबात नको, गढूळ हवं. एमडीएफच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोन्ही कडांना पुट्टीचे काठ चढवायचे, मध्ये मातकट तपकिरी रंग आणि त्यावर चकचकीत व्हार्निशचे तीन-चार हात. काठ उंच दाखवायचे, कारण त्या नद्या वाटेल तिथून ओलांडता येत नव्हत्या आणि अख्खी लढाई त्यावरच फिरली.

असई गावाची घरं धाब्याची करावीत, म्हणजे सपाट मातीच्या छताची. कौलं नकोत. पुठ्ठ्याचा खोका बनवायचा. भिंतीला लावायची पुट्टी आणि फेविकॉल एकत्र करून बोटाने ओबडधोबड लिंपायचं. वाळल्यावर गडद तपकिरी रंग द्यायचा. मग ब्रशला अगदी फिका मातकट रंग घ्यायचा, तो कागदावर जवळजवळ पुसून टाकायचा आणि ब्रश भिंतीवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे गडदच राहतात, आणि भिंत एकदम शंभर वर्षं जुनी दिसायला लागते. याला ड्रायब्रशिंग म्हणतात. छत सपाट असल्याने त्यावर बंदूकवाले उभे करता येतात, हा वरचा फायदा. उभ्या बाजरीसाठी काथ्याचं पायपुसणं कटरने कापून घ्यावं, याहून चांगला माल विकतही मिळत नाही. टेकडीसाठी थर्माकोल चालतो, पण त्यावर डब्यातला स्प्रे पेंट मारू नका. त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं आणि टेकडीच्या जागी भोकं उरतात. आधी फेविकॉल आणि बारीक वाळूचा थर द्यायचा, मग रंग. झाडं मात्र जमिनीला चिकटवायची नाहीत, कारण पलटण आत शिरली की ती उचलून बाजूला ठेवावी लागतात.

शिपाई रंगवण्यावर इथे फार लिहीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. इतकंच ध्यानात ठेवा की ते तीन फुटांवरून बघितले जातात. डोळ्यातली बुबुळं कुणाला दिसत नाहीत. पाचशे सारखे, नीटस शिपाई एका अप्रतिम शिपायापेक्षा टेबलावर कितीतरी भारी वाटतात.

टेबल तयार झालं. आता नियम. नियमांचे असंख्य संच आहेत, पण बहुतेकांचा सांगाडा सारखाच असतो : हुकूम, मारा, मनोधैर्य. मी इथे एक साधा नमुना धरतो.

हुकूम. प्रत्येक सेनापतीला एक आकडा दिलेला असतो. पलटण हलवायची तर दोन फासे टाकायचे. बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तर हुकूम पोचला, नाहीतर पलटण जागच्या जागी उभी. दोन फाशांच्या ३६ जुळण्या असतात. आकडा ९ असेल तर त्यातल्या ३० तुमच्या बाजूच्या. आकडा ६ असेल तर फक्त १५. म्हणजे एकाचा हुकूम सहापैकी पाच वेळा पाळला जातो आणि दुसऱ्याचा निम्म्या वेळाही नाही. दोन्ही फाशांवर सहा पडले तर हुकूम उलटाच समजला गेला, असा नियम ठेवतात. ही शक्यता छत्तिसात एक. नवखे खेळाडू या नियमावर चिडतात. त्यांना ऑरॉकची गोष्ट सांगावी. असईत वेलस्लीच्या उजव्या टोकाला लेफ्टनंट कर्नल ऑरॉक पिकेट्स, म्हणजे निरनिराळ्या पलटणींतून काढलेल्या तुकड्या, घेऊन चालला होता. हुकूम नीट न कळल्याने तो सरळ असई गावाच्या दिशेने गेला. तिथे तोफा खच्चून भरलेल्या. मागची ७४वी पलटण त्याच्यापाठोपाठ गेली आणि आकाशच फाटलं. पाचशेच्या आसपास माणसांपैकी चारशेहून जास्त ठार किंवा जखमी.

हाच प्रसंग माऱ्याचा नियम समजायला घेऊ. असईसमोर चार तोफा, ७४वी १२ इंचांच्या आत आलेली. एका तोफेला दोन फासे, एकूण आठ. चार किंवा जास्त पडला तर गोळा लागला. समजा पडले ६, ४, १, ५, २, ४, ३, १. चार लागले. आता ७४वीचा खेळाडू त्या चारांसाठी चार फासे टाकतो. पाच किंवा सहा पडला तर तेवढा मार चुकला. पडले २, ५, ३, १. एक वाचला, तीन फिगर उचलायच्या. खेळाडू तीन चिमुकले लाल डगलेवाले बाजूला ठेवतो. विसाच्या हिशेबाने ती साठ माणसं होती. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की पंचविसांतले निम्मे उरतात, आणि त्यातली पहिली तर पलटण बंदुकीच्या पल्ल्यात यायच्या आधीच झेलावी लागते.

मनोधैर्य हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. त्या काळच्या लढायांत फौजा शेवटच्या माणसापर्यंत क्वचितच मरत. त्या फुटत. म्हणून ठरावीक नुकसानीनंतर दोन फासे टाकून पलटण टिकते का ते बघतात. सात किंवा जास्त आलं तर टिकली, ही शक्यता ५८ टक्के. बाजूने मार बसत असेल तर एक वजा करा, तीच शक्यता ४२ टक्क्यांवर येते. सेनापती शेजारी घोड्यावर असेल तर एक अधिक. वेलस्ली त्या दिवशी लढाईभर पुढे होता आणि त्याच्या बुडाखालचे घोडेही जायबंदी झाले, याचा अर्थ या अधिक एकमध्ये आहे.

आता मूळ मुद्दा. शिंद्यांच्या पलटणींना कोणता आकडा द्यायचा?

साहेबी पठडीतले बरेच नियम एतद्देशीय फौज म्हटली की डोळे झाकून खालचा आकडा देतात. खेळ चटकन संपतो, गोरा साहेब जिंकतो, सगळे खूश. पण त्या दिवशी काय घडलं ते बघा. शिंद्यांचे हे कंपू, म्हणजे कवायती पलटणींचे गट, द बॉइन या सरदाराने युरोपीय कवायतीवर उभे केलेले. असईत त्यांची सूत्रं हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनकडे होती. त्यांची रांग केळनेकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून होती. वेलस्ली पूर्वेकडून नदी पार करून बाजूने येतोय हे दिसताच पोलमनने मैलभराची ती अख्खी रांग काटकोनात फिरवून पूर्वाभिमुख केली. वेलस्लीला ही अपेक्षा नव्हती. हजारो माणसांची रांग शत्रूच्या तोंडावर मोडू न देता फिरवणं हे गाळाच्या फौजेचं काम नाही. गोलंदाजांचं तर काय सांगावं! इंग्रज तोफांवरून पुढे निघून गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि तोफा वळवून पाठीमागून मारा करू लागले. ७८व्या पलटणीला परत फिरून त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. कंपनीचं एकूण नुकसान १,५८४. ठार ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. लढलेल्या साडेचार हजारांच्या एक तृतीयांशाहून जास्त.

म्हणून माझ्या टेबलावर शिंद्यांच्या तोफखान्याला सर्वांत वरचा दर्जा आणि एक खास नियम आहे. तोफेवरून शत्रू पुढे गेला तर पुढच्या फेरीत एक फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडला तर तोफ पुन्हा जिवंत. पायदळाला कंपनीच्या मद्रासी पलटणींच्या तोडीचा आकडा. मग हे हरले कसे? तर हुकुमाचा आकडा कमी ठेवायचा. कारण तोच खरा कमी होता. युद्धाच्या सुरुवातीलाच कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडलं होतं. दोन्ही धनी, शिंदे आणि भोसले, लढाई रंगात यायच्या आत मैदानावरून निघून गेले. प्रचंड घोडदळ बघत उभं राहिलं. असा आकडा ठेवला की मराठी बाजू हरते तेव्हा शिपाई भ्याले म्हणून हरत नाही. हुकूम द्यायला माणूस नव्हता म्हणून हरते. निकाल तोच, पण त्याचं कारण बदललं. आणि कधीकधी तर फासे साथ देतात, पोलमनचे चार हुकूम लागोपाठ पाळले जातात आणि वेलस्ली नदीत ढकलला जातो. हे अशक्य होतं असं १,५८४चा आकडा वाचल्यावर म्हणवत नाही.

कुणी म्हणेल, हे तर तुम्ही तुमच्या सोयीचे आकडे लावले. लावलेच! दुसऱ्याने त्याचे लावावेत आणि पुराव्यानिशी भांडावं. या खेळातली निम्मी भांडणं फाशांवरून होत नाहीत, ती अशा आकड्यांवरून होतात.

एक पेच मात्र कायम राहतो. आपल्याला पुढचं माहीत असतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की जवळपास उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा, नाही. त्याने पाहिलं की नदीच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर आहेत. दोन गावं अशी वसली तर मध्ये उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा निघाला. आज टेबलावर पोलमन होऊन बसलेल्याला हा उतार आधीच ठाऊक असतो. तो पहिल्याच फेरीत तिथे दहा तोफा नेऊन ठेवेल आणि लढाई संपेल.

यावर जुना उपाय म्हणजे पंच. प्रशियात राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी असा खेळ तयार केला. बापाने १८१२मध्ये राजाला जमिनीचे सुटे ठोकळे जोडून बनवलेलं टेबल भेट दिलं, तर लेकाने १८२४मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर तो आणला. दर फेरी दोन मिनिटांची. त्यात दोन्ही खेळाडूंना एकमेकांच्या सगळ्या हालचाली दिसत नसत. पंच ठरवी कुणाला काय दिसलं ते. असईसाठी पंचाने तीन संभाव्य उतारांच्या चिठ्ठ्या करून एक गुपचूप निवडावी. वेलस्लीने स्वार पाठवून शोध घ्यावा आणि त्यात वेळ घालवावा. पंच नसेल तर सरळ नदी पार झाल्यानंतरच्या क्षणापासून खेळ सुरू करावा. तेही फार वाईट नाही.

जिंकलं कोण, हेही ठरवून ठेवावं लागतं. मैदान कुणाचं राहिलं एवढ्यावरच निकाल लावला तर मराठी बाजू घ्यायला कुणी तयार होणार नाही. मी मोजपट्टी अशी ठेवतो : वेलस्लीने तोफा घेतल्या, पण त्याचे ८० फिगर गेले, म्हणजे विसाच्या हिशेबाने सोळाशे माणसं, तर विजय शिंद्यांचा. त्याला खऱ्या वेलस्लीपेक्षा स्वस्तात जिंकून दाखवायचं असतं. भल्याभल्यांना ते जमत नाही.

हे वाचून कुणाला करून बघावंसं वाटलं, तर अख्ख्या असईच्या मागे लागू नका. फक्त उत्तरेचा कोपरा घ्या : गाव, समोर चार-सहा तोफा, पाठीशी दोन पलटणी. कंपनीकडे ७४वी, ऑरॉकच्या तुकड्या आणि त्यांना सोडवायला धावून आलेलं मॅक्सवेलचं घोडदळ. एवढ्याला तीन बाय तीन फूट जागा पुरते. म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल, अर्थात स्वयंपाक होईपर्यंतच. धातूचे किंवा प्लॅस्टिकचे शिपाई परदेशातून मागवायची घाई नको. कागदावर छापून, दुमडून, पुठ्ठ्यावर उभे केलेले शिपाई पहिल्या खेळाला उत्तम चालतात. पैसे घालायचेच असतील तर आधी फाशांत घाला. लुडोबरोबर येणाऱ्या फाशांच्या कडा कुठेकुठे झिजलेल्या असतात आणि ५८ टक्क्यांचा हिशेब त्यांना पाठ नसतो.